एक आठवडा पुढे

रविवारी रात्री, भांडी पालथी घातल्यावर
मी पुढच्या सोमवारची अमेरिका तयार करते.
तक्त्याला चार रकाने: वाचन, प्रश्न, गृहपाठ, गुण.
बावीस वर्षं पंचवटीतल्या शाळेत शिकवलेला इतिहास
मला तोंडपाठ होता, तहांच्या कलमांसकट.
त्र्यंबक रोडच्या या नव्या शाळेतला इतिहास
मी मुलांच्या फक्त एक आठवडा आधी शिकते.
हे त्यांना माहीत नाही.
भोयेला बहुतेक माहीत आहे.
तो पहिल्या बाकावर बसतो,
माझं बोट पानावर कुठे अडखळतं ते त्याला दिसतं.

कॉलेज रोडचा झेरॉक्सवाला गुंजाळ
सव्वीस प्रती मोजता मोजता विचारतो,
मॅडम, यांचा इतिहास एवढाच? अडीचशे वर्षं?
आमच्या भावकीतला विहिरीचा दावा
याच्याहून थोडाच लहान असेल.
मी म्हणते, पाठपोट काढा, कागद वाचेल.

आठवडा दुसरा. पान एकेचाळीस ते अठ्ठावन्न.
चहाच्या पेट्या समुद्रात का फेकल्या, दीडशे शब्दांत.
अल्फिया खतीबने लिहिलं: कर बसवला म्हणून,
आणि बसवताना यांना कुणी विचारलं नाही म्हणून.
पुढे कंसात: आपल्याकडेही
सहल कुठे न्यायची ते कुणी विचारत नाही.
पूर्ण गुण दिले.
कंसाचा अर्धा कापायला हवा होता.

चौथा आठवडा कुठे गेला, मला विचारू नका.
आधी दसरा, मग रस्ता खणलेला,
बस द्राक्षबागांच्या कडेला तासभर उभी,
औषधफवारणीचा वास आणि सव्वीस उघडे डबे.
त्यांची अख्खी राज्यघटना
मी उरलेल्या दोन तासांत गुंडाळली.

सातव्यात जॅक्सन.
नाव फळ्यावर पुरतं उमटायच्या आत
मागून कुणीतरी ओरडलं,
नाटक बघायला आलेला असताना गोळी घातली, तोच ना!
नाही रे, तो आपल्या नाशिकचा कलेक्टर.
हा त्यांचा राष्ट्राध्यक्ष.
वर्ग हसला. मीही.
मग नकाशे वाटले:
कोणत्या जमातींना कुठून उठवलं,
कुठवर चालवत नेलं.
बाण काढा, रंग भरा, मैल लिहा.
शुक्रवारपर्यंत.

शुक्रवारी पंचवीस नकाशे एकसारखे आले,
त्याच निळ्या नद्या, तेच लाल बाण,
एकाने तर दुसऱ्याची खाडाखोडही उतरवलेली.
सव्विसावा किसन भोयेचा.
सुरगाण्याकडचा मुलगा, शिष्यवृत्तीवर आलेला,
वसतिगृहात रात्री दहाला दिवे जातात
म्हणून पहाटे उठून लिहितो.
बाण बरोबर. मैल बरोबर.
कागद उलटला, तर मागे पेन्सिलीने
एक धरण. त्याच्या पोटात एक ठिपका.
ठिपक्याला नाव नाही.
तिथून निघालेला एक बाण, अगदी आखूड,
डोंगराच्या खांद्यावर जाऊन थांबलेला.
खाली बारीक अक्षरात:
अंतर साडेचार किलोमीटर.
आजोबा म्हणतात, तरी अजून पोचलो नाही.

मी तो कागद ट्यूबलाइटसमोर धरला.
लांब लाल बाणाच्या पोटाखालून
तो आखूड बाण दिसत होता,
मासा दिसावा तसा, हलत नव्हता.
बावीस वर्षं मी या जिल्ह्याचा इतिहास शिकवला.
त्यात लेणी होती, घाट होता, किल्ले होते.
हा ठिपका कुठल्या इयत्तेला येतो
मला सांगता आलं नसतं.
लाल पेन बराच वेळ उघडंच राहिलं,
टोक सुकलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्याला विचारलं,
मागचं चित्र वर्गाला दाखवू का?
तो डब्याचं झाकण लावत होता,
एका बाजूने बसलं की दुसऱ्या बाजूने उघडायचं.
नको मॅडम, म्हणाला,
ते परीक्षेला नाहीये.

आठवडा आठवा.
पान दोनशे नऊपासून पुढे.